फ्रेमच्या पोटातला खडखडाट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माउंटन बाइक निवडण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात, केबल फ्रेमच्या आतून नेलेली सायकल दिसायला नेटकी आणि देखभालीला सोपी असते, असे म्हटले होते. नेटकी हे मान्य आहे. सोपी हे मात्र कोकणात सायकल चालवणाऱ्याला सहज पटणारे नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर पाखाडीवरून किंवा कातळसड्यावरून उतरताना माझ्या सायकलीच्या खालच्या दांड्यातून, डब्यात चिंचोके घालून हलवावेत तसा आवाज येऊ लागला. एका दुकानात फ्रेमला तडा गेल्याचे निदान झाले आणि नवी फ्रेम सुचवण्यात आली. घरी येऊन मी केबल जिथे फ्रेममध्ये शिरतात तिथे दोन्ही आउटर, म्हणजे केबलची बाहेरची वेष्टने, बोटांनी ताणून धरली आणि पुढचे चाक वीतभर उचलून आपटले, तेव्हा आवाज जवळजवळ थांबला. तडा असता तर केबल धरल्याने तो गप्प बसला नसता.

या आवाजाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आउटर फ्रेमच्या तोंडाशीच थांबवून आत नुसती तार नेली, तर ती ताणलेली असल्यामुळे फारशी आपटत नाही. पण दमट, खारट हवेत आणि दांड्यात झिरपलेल्या पाण्यात ती उघडी पडते, गंजते आणि गिअर जड होतात. म्हणून आपल्याकडे हँडलपासून मागच्या डिरेलरपर्यंत (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागापर्यंत) आउटर अखंड असणेच हिताचे. मात्र सुमारे ४ मिलिमीटर जाडीचे हे आउटर आणि ५ मिलिमीटरचा ब्रेकचा होज (ब्रेकचे तेल वाहणारी नळी) रुंद पोकळ दांड्यात सैल लोंबकळतात आणि प्रत्येक धोंड्यावर भिंतीला धडकतात. थोडक्यात, गंज टाळणारी व्यवस्थाच आवाज करते, आणि त्यावर उतारा म्हणजे आउटरवर चढवायची फोमची बारीक नळी. हा फोम पाणी न शोषणाराच हवा. साधा स्पंज घातल्यास तो ओला राहून दांड्याच्या आतच ओल धरून ठेवील. फोम दांड्याच्या पूर्ण लांबीइतका घ्यावा आणि ओढताना गोळा होऊ नये म्हणून त्याची टोके दोऱ्याने बांधावीत. फोम मिळाला नाही, तर आउटरवर ठरावीक अंतराने झिप टाय (प्लास्टिकचे बंद) आवळून त्यांची शेपटे न कापता ठेवावीत, म्हणजे ती भिंतीला टेकून आउटर अधांतरी धरतात. काही कार्बन फ्रेममध्ये केबलसाठी आतच वेगळी नळी घडवलेली असते. तिथे यातले काहीच लागत नाही, आणि फोम घालायला जागाही नसते.

आवाज घालवण्याच्या नादात केबल खेचून घट्ट करण्याचा मोह मात्र आवरावा. मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकलीत सांध्याजवळ थोडा ढिलेपणा ठेवावाच लागतो, नाहीतर सस्पेन्शन दबताच होज ताणला जातो किंवा गिअर आपोआप सरकतो.

अलीकडे हेडसेटच्या, म्हणजे हँडल फिरण्याच्या सांध्याच्या, वरच्या बेअरिंगमधून केबल आत नेण्याची पद्धत आली आहे. समुद्रकाठी खाऱ्या पाण्याने बेअरिंग लवकर खराब होते, आणि अशा सायकलीत ते बदलायचे म्हणजे बहुतेक वेळा ब्रेकचा होज सोडवा, पुन्हा जोडा, त्यात शिरलेली हवा काढा, असा व्याप होतो. त्यात शिमानो कंपनीच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागते, तर एसआरएएम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकना डॉट नावाचा वेगळा ब्रेक-द्रव. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतले सील खराब होतात. रत्नागिरी ते गणपतीपुळे आरेवारेमार्गे वर्षभर ये-जा करणाऱ्याने अशी सायकल घ्यावी, असे मी तरी सुचवणार नाही.

आत दडलेली गोष्ट तपासता येत नाही, हाही एक मुद्दा आहे. तारेने चालणाऱ्या ब्रेकला गिअरचे आउटर बसवलेले मी पाहिले आहे. गिअरच्या आउटरमधील तारा लांबीच्या दिशेने असतात. ब्रेकच्या ताणाखाली ते फुटू शकते.

विक्रेत्यांनी सायकल देतानाच फोम घातला आहे की नाही हे ग्राहकाला सांगावे, आणि पावसाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगमध्ये केबलच्या तोंडावरचे रबर व बॉटम ब्रॅकेटखालचे (पेडलच्या आसाखालचे) पाणी निघण्याचे छिद्र तपासावे, एवढीच विनंती. कारागिरांना आणखी एक सांगणे आहे : आउटर बदलताना आतली जुनी तार आधी काढू नये. ती तशीच ठेवून जुने आउटर तिच्यावरून बाहेर सरकवावे आणि नवे त्याच तारेवरून आत घालावे. तार आधीच निघाली, तर दोऱ्याचे टोक एका छिद्रात सोडून दुसऱ्या छिद्राला व्हॅक्यूम क्लीनर लावावा लागतो, आणि तोही घरात नसेल तर विजेरी घेऊन छिद्रात डोकावत बसावे लागते. मी तसा एक अख्खा रविवार घालवला आहे.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, रत्नागिरी