मैत्री क्लिनिकमधल्या ताई, मनापासून आभार

गेल्या पावसाळ्यात माझी पुतणी पाळीच्या रक्तस्रावाने पार गळून गेली होती. दहा-दहा दिवस अंगावरून जायचं. आम्ही घरातली मोठी माणसं 'वयच आहे, होतं असं' म्हणत राहिलो. आशाताईंनी मात्र तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी आम्हाला ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन ७ निघालं.

समुपदेशक ताई, तुम्ही मला बाहेर बसायला सांगितलंत तेव्हा राग आला होता. अर्ध्या तासाने पोर बाहेर आली ती केसपेपरच्या पाठीमागे पेनाने काढलेलं गर्भाशयाचं चित्र घेऊन. रात्री तेच तिने मला समजावलं. पाळी नेमकी कशी येते, हे मला चाळिशीत पहिल्यांदा कळलं! लोहाची गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, हेही.

१० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी ही सेवा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत मिळते. मुलग्यांनाही घेऊन जा, त्यांनाही विचारायचं खूप असतं.

ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. रक्त तपासणाऱ्या दादांचंही. तिचं हिमोग्लोबिन आता ११.५ आहे आणि ती पुन्हा कबड्डीला जाते.