तुझ्या मैत्रिणीची स्पॅनिश

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी रूममेट येऊन गेल्यापासून बाबा जरा गप्प आहेत. 'कॉम्प्युटरवाल्यांना चिकानो स्टडीज, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांचा अभ्यास, कशाला?' म्हणून फोनवर केवढे तणतणले होते! तुमच्या कॅल स्टेटमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, 2020 च्या कायद्यानं एथ्निक स्टडीजचा, म्हणजे अशा वांशिक समूहांच्या अभ्यासाचा, एक कोर्स सगळ्यांनाच घ्यावा लागतो, हे त्यांना पटतच नव्हतं. फी आम्ही भरतो, तेव्हा कुरकुरही आमचीच.

पण त्या रात्री पोळी-भाजी खाता खाता ती पोरगी जे बोलली, ते माझ्या डोक्यातून जात नाही. मेक्सिकोतली चुलत भावंडं तिला 'नो साबो' म्हणून चिडवायची, म्हणजे 'मला माहीत नाही' हेसुद्धा धड स्पॅनिशमध्ये म्हणता न येणारी. नाव मेक्सिकन, तोंडात इंग्लिश. तिला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलंय. मग तुमच्या वर्गात कळलं, की कॅलिफोर्नियात कितीतरी गावांत मेक्सिकन मुलांच्या शाळाच वेगळ्या होत्या. ऑरेंज काउंटीतलं मेंडेझ कुटुंब कोर्टात गेलं, 1947 मध्ये जिंकलं. स्पॅनिश बोललं की मार मिळायचा, हेही तिथंच कळलं. तिनं त्याच दिवशी आजीला फोन लावला. आजी म्हणाली, "मलाही मारलंय. म्हणून तर तुझ्या आईला शिकवली नाही."

बघ, तीन पिढ्या एका घरात राहून हे कोणी बोललंच नव्हतं.

आता म्हणे हजेरीत कुणी तिचं नाव मोडून घेतलं, की ती थांबवून नीट म्हणायला लावते. स्वतःला 'चिकाना' (चिकानोचं स्त्रीलिंग) म्हणवून घेते. हा शब्द पूर्वी हिणवायला वापरत. 1968 मध्ये ईस्ट एलएच्या, म्हणजे पूर्व लॉस एंजेलिसच्या, शाळांतून पोरं वर्ग सोडून रस्त्यावर आली, तेव्हाच्या चळवळीनं तो ताठ मानेनं मिरवला. तुमच्या नॉर्थरिजच्या कॅम्पसला चिकानो स्टडीजचा विभाग 1969 मध्ये सुरू झाला, तोही पोरांच्याच आंदोलनातून. तुमच्या वर्गातल्या, मूळ एल साल्वादोर देशातल्या मुलाला मात्र यात स्वतःचं फारसं काही सापडलं नाही, असं तूच सांगितलंस. खरंय, सगळ्यांना एका टोपलीत घालून कसं चालेल?

बाबांना रात्री झोप नव्हती. म्हणाले, "आपल्याला तर कोणी छडी मारली नव्हती गं." नव्हतीच. तुझी मराठी आपल्या सोयीपायी राहिली.

हे पत्र मुद्दाम देवनागरीत लिहिलंय. जोडाक्षरं अडतील. रविवारी फोन कर, दोघी मिळून वाचू.

तुझी,
आई