फ्यूज घालणाऱ्याला दरबारात हजर करा!

मास्तर,

साष्टांग नमस्कार. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते. ते चारचौघांत मानावेत असे आहेत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

1986 च्या 5 जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजी-बेती फेरीबोटीपुढे रांगा लागल्या, हे आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. त्याच वर्षीची मार्गशीर्षातली आपली जत्रा. राणीच्या भूमिकेसाठी पणजीहून बोलावलेली नटी त्या रांगेत अडकली. इकडे नांदीची वेळ झालेली, खाज्यांच्या दुकानांपुढची गर्दी मंडपात जागा धरायला लागलेली, आणि रंगपटात कमिटीवाले एकमेकांवर खेकसत होते. तुम्ही आमचे प्रॉम्प्टर. हातातली नाटकाची वही मिटलीत, चहाचे कप गोळा करणाऱ्या माझ्याकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, "हिला उभी करा. नाटक हिला माझ्याहून जास्त पाठ आहे."

खरं होतं ते. तालमीला चहा नेता नेता माझं सगळं नाटक पाठ झालं होतं. बाकी कुणाला पत्ता नव्हता. तुम्ही विंगेत बसून माझे ओठ हलताना पाहिले असणार.

बाबा तयार नव्हते. बाहेरची नटी पैसे देऊन आणली तर गावाला चालायचं, घरची मुलगी रंगमंचावर गेली की लगेच अब्रूचा प्रश्न. असला तो हिशेब. तुम्ही वाद घातला नाहीत. एवढंच म्हणालात, "अहो, मंगेशीच्या दीनानाथांनी पुरुष असून लुगडं नेसलं, तर साऱ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं. ही तर मुलगीच आहे. हिनं नेसलं तर कुणाचं काय बिघडतं?" बाबांना हसू फुटलं, आणि एकदा हसल्यावर परत रागावायचं कसं ते त्यांना कळेना. तेवढ्यात तुम्ही मला रंगवायला बसवलंत.

पुढचं सगळ्या गावाला तोंडपाठ आहे, तरी परत सांगतेच. दुसऱ्या अंकात भर दरबारात वीज गेली. गॅसबत्ती पेटवायला माणसं धावली, पण काड्यापेटी कुणाकडे ते ठरेना. पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. एवढ्यात विंगेतून तुमचा आवाज आला. तुम्ही बॅटरी वहीवर धरून राजाची वाक्यं राजाच्या आवाजात म्हणायला लागला होतात. मग प्रधानाची, मग फितूर सरदाराची, प्रत्येकाचा आवाज वेगळा. मंडप चिडीचूप. तेवढ्यात खाली कुणीतरी ओरडलं, "फ्यूज गेलाय रे!" आणि तुम्ही क्षणभरही न थांबता, राजाच्याच भरदार आवाजात फर्मावलंत, "फ्यूज घालणाऱ्याला दरबारात हजर करा!"

हशा थांबता थांबेना. पण माझ्यासाठी खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. राणीचं वाक्य आलं आणि तुम्ही थांबलात. सगळ्यांची वाक्यं म्हटलीत, माझं म्हटलं नाहीत. बॅटरीचा झोत वहीवरून उचलून माझ्या तोंडावर धरलात. डोळ्यांपुढे नुसता पिवळा गोळा, पायात उसनी पैंजणं, घशाला कोरड. आणि वाक्य आलं. अख्ख्या मंडपात त्या वेळी फक्त मी दिसत होते. पुढे कांपालच्या कला अकादमीत स्पर्धेला उभी राहिले, तिथले दिवे केवढे, पण तुमच्या दोन सेलांच्या बॅटरीत जेवढी धीट झाले तेवढी नंतर कधी झाले नाही.

वीज आली तेव्हा महाराज फितूर सरदाराच्या मांडीवर बसलेले होते. अंधारात सिंहासन चाचपडताना त्यांना तेवढंच सापडलं. सरदारानेही त्यांना पडू नये म्हणून कमरेला धरलेलं. नाटक ऐतिहासिक होतं, हे त्यानंतर कुणी फारसं मनावर घेतलं नाही. नटी पोचली ती भरतवाक्याला. तिनेही पुढे बसून टाळ्या वाजवल्या, ही तिची दिलदारी.

मास्तर, त्या रात्री नाटक पडलं असतं तर "मुलीला उभी केली म्हणून असं झालं" हे बोलायला चार तोंडं तयारच होती. तुम्ही लोकांना हसायला दुसरं काहीतरी दिलंत. नंतर माझं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्या फ्यूजच्या नाटकातली राणी तीच का?" बाबांनी छाती फुगवून हो म्हटलं. आज आमच्या वाड्यावर पावसाळ्यात वीज गेली की प्रत्येक घरातून तुमचं वाक्य ऐकू येतं. तुम्हाला कधी न पाहिलेली पोरं ते ओरडतात. परवा तर लाईनमन खांबावर चढला आणि वरूनच म्हणाला, "हजर आहे, महाराज!"

आता मंडपामागे जनरेटर असतो आणि कलाकारांच्या छातीवर माईक. कुजबुजलेलंसुद्धा मागच्या रांगेपर्यंत जातं, म्हणून विंगेत प्रॉम्प्टर नको म्हणतात. सोय चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. नाटकं मात्र फारच वेळेवर संपायला लागली आहेत.

यंदा उत्सवाला या. मडगावहून तुम्हाला आणायला माझा मुलगा गाडी घेऊन येईल. बॅटरी तुमची, सेल मी आणते. जनरेटरवाल्याशी बोलणं झालंय, दुसऱ्या अंकात दोन मिनिटं बंद पाडायला तो तयार आहे. फक्त कमिटीला कळता कामा नये, एवढीच त्याची अट आहे, आणि मी तर हे पत्र सगळ्यांसमोर लिहून बसले आहे!

तुमची,
चहावाली राणी