‘च’ नेमका कुठे?

महोदय,

सोसायट्यांच्या पाट्यांवर ‘फक्त सभासदांसाठीच’ सर्रास दिसतं. ‘फक्त’ आणि ‘च’ इथे एकच काम करतात, एक खोडा.

पण जागा चुकली की अर्थच बदलतो. ‘गाडी ठाण्यालाच थांबेल’ म्हणजे मुलुंड-कळव्याला नाही. ‘गाडी ठाण्याला थांबेलच’ म्हणजे हमखास थांबेल. बाकीच्या स्थानकांबद्दल अवाक्षर नाही. ज्या शब्दाला ‘च’ चिकटतो, जोर त्याच्यावर. सूचना लिहिणाऱ्याने आधी काय ठसवायचं ते ठरवावं, मग ‘च’ लावावा.

‘तोच डबा’मध्ये तो सारखेपणा दाखवतो, ‘आलाच नाही’मध्ये ठाम नकार, ‘आलाच तर’मध्ये शंका. ‘आलोच’मध्ये लगबग, बहुधा खोटी!

विभक्तीचा प्रत्यय आधी, ‘च’ शेवटी: ‘वाशीलाच’, ‘वाशीच्याच’. या दुसऱ्या शब्दातला ‘च्या’ षष्ठीचा, उच्चार ‘चहा’सारखा, शेवटचा ‘च’ जोराचा, उच्चार ‘चाक’सारखा.

मोबाइलवर टंकताना ‘मी च’ असा सुटा पडतो, ओळ संपली तर एकटाच खाली उतरतो. तो जोडूनच लिहायचा, मध्ये संयोगचिन्हही नको.

— एक मुद्रितशोधक, नौपाडा, ठाणे