१५ दिवसांत वकील कुठून आणायचा? परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार

सविनय नमस्कार.

माझा भाचा कॅनडात शिकतो. त्याच्या स्टडी परमिटची मुदत वाढवण्याचा अर्ज नामंजूर झाला, तेव्हा त्याने पहिला फोन केला तो इथल्या एजंटला. एजंट म्हणाला, "घाबरू नका, ९० दिवस आहेत, अपील टाकू." घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

ते ९० दिवस होते गेलेलं स्टेटस, म्हणजे तिथे कायदेशीर राहण्याचा दर्जा, परत मिळवण्याच्या अर्जासाठी. नकाराविरुद्ध कोर्टात जायचं तर कॅनडात घेतलेल्या निर्णयाला, तो कळल्यापासून, फक्त १५ दिवस मिळतात. आणि अशा नकारावर अपील नसतंच. आधी फेडरल कोर्टाची परवानगी मागायची, ती मिळाली तर न्यायिक पुनर्विलोकन, म्हणजे निर्णय कायद्याला धरून झाला का याची कोर्टाने केलेली तपासणी. तिथे आपल्या वतीने बाजू मांडायला वकीलच लागतो, परवाना असलेला इमिग्रेशन कन्सल्टंटसुद्धा चालत नाही. हे सगळं आम्हाला समजलं तो १९वा दिवस होता. उशीर माफ करण्याची विनंती अर्जात केली आहे. "पहिल्या आठवड्यात आला असतात तर" हे वकिलाचं वाक्य माझ्या बहिणीच्या कानातून अजून गेलेलं नाही.

मंत्रिमहोदय, पुढच्या पायरीवर तर चूक आणखी महागात पडते. कॅनडातून निघण्याचा साधा आदेश लागू झाला की ३० दिवसांत देश सोडावा लागतो आणि निघताना तशी नोंद करून घ्यावी लागते. नोंद राहिली, तर तोच आदेश हद्दपारीचा होतो आणि पुन्हा कधीही जायचं तर खास परवानगी लागते. वेळेत विमानात बसलेला मुलगाही एका कागदापायी यात अडकतो. कोर्टात अर्ज केला म्हणून रवानगी आपोआप थांबेलच असं नाही, स्थगिती बहुतेक वेळा वेगळी मागावी लागते. ब्रिटनमध्ये ज्यांना अपिलाचा हक्क आहे त्यांना देशात राहून १४ दिवस मिळतात, आणि इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक इमिग्रेशन प्रकरणांना सरकारी खर्चाने वकील मिळणं २०१३ पासून बंद आहे.

दुसऱ्या देशाच्या निर्णयात आपण ढवळाढवळ करावी असं मी म्हणत नाही. मागणी पैशाची कमी आणि वेळेची जास्त आहे. २००९ पासून आपल्याकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. वकिलातीतल्या सेवांवर घेतल्या जाणाऱ्या छोट्या शुल्कातून तो उभा राहतो, म्हणजे ही मुलंही त्यात भर घालतात. गरजूंना कायदेशीर मदत त्यातून देता येते. नकाराचं किंवा रवानगीचं पत्र हातात पडल्यावर वकिलाचा पहिला सल्ला आणि मुदतीत करायचा पहिला अर्ज, एवढा खर्च या निधीतून होईल असं नियमात स्पष्ट लिहा. उत्तर दोन दिवसांत मिळावं, कारण १५ दिवसांतले दहा अर्जाच्या छाननीत गेले तर मदत मिळूनही उपयोग नाही. दूतावासाला आपण वकिलात म्हणतो. त्या वकिलातीतून इमिग्रेशनच्या वकिलाचा फोन नंबर पहिल्याच दिवशी मिळावा.

प्रत्येक केस खरी नसते, हे मला ठाऊक आहे. जाणूनबुजून खोटे कागद लावणारे असतात. पण २०२३ आठवा. एजंटांनी दिलेल्या कॉलेजप्रवेशाच्या बनावट पत्रांमुळे भारतीय विद्यार्थ्यांवर हद्दपारीची वेळ आली, त्यांनी कॅनडातल्या मिसिसागा शहरात धरणं धरलं, आपल्या सरकारनेही विषय लावून धरला. मग कॅनडाने एकेक प्रकरण वेगळं तपासण्याचं ठरवलं आणि फसवल्या गेलेल्यांना राहू देण्याचं कबूल केलं. खरं-खोटं वेगळं करायचं तर आधी कुणीतरी फाइल उघडून वाचावी लागते. ती वाचणारा माणूस मुलांना रस्त्यावर न बसताही मिळायला हवा.

सप्टेंबरच्या सत्रासाठी मुलं निघण्याआधी तसं परिपत्रक काढावं आणि मुदतींचा एक पानी तक्ता मराठी, पंजाबी, गुजराती, तेलुगूत द्यावा, ही विनंती. भाच्याच्या अर्जावर कोर्टाचं उत्तर अजून आलेलं नाही.

आपला नम्र,
एका विद्यार्थ्याचा मामा