मानधनाचं बोलणं आधी, लेखन नंतर

महोदय,

अकरा वर्षं मी घरबसल्या जाहिराती आणि माहितीपत्रकांचा मजकूर लिहिते. गेल्या गणपतीत एका ग्राहकाने रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर ‘मजा नाही आली, परत लिहा’ एवढंच कळवलं, तेही पाचव्यांदा. रागाने टाइप केलेलं उत्तर पुसलं आणि सकाळी दहाला ईमेल केला: ठरलेल्या दोन दुरुस्त्या केव्हाच झाल्या, पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचे पाचशे रुपये. त्यांनी मुकाट्याने मान्य केलं, कारण ठरलेलं लेखी होतं. नव्याने लिहिणाऱ्या मुली ओळखीपाळखीत पैशांचं बोलायला संकोचतात, याचं फार वाईट वाटतं. त्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, जरूर करावी. 2006च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं लागतं. माझा उद्यम क्रमांक मी प्रत्येक बिलावर छापते.

– एक मुक्त लेखिका, नाशिक