ग्रंथसूचीच्या ऑनलाइन तक्त्यातील सदोष क्रमवारी, गट व फिल्टर यांबाबत तक्रार

प्रति,
विभागप्रमुख, ग्राहक सेवा,
ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली

विषय : ऑनलाइन ग्रंथसूची चुकीची उत्तरे देत असल्याबद्दल, तसेच वार्षिक नूतनीकरणाची रक्कम रोखून धरल्याबद्दल.

महोदय / महोदया,

आमचे तालुक्याच्या गावातले ‘ब’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तके वीस हजारांच्या आसपास आणि जवळजवळ सगळी मराठी. दाखल नोंदवह्यांमधल्या नोंदी तुमच्याच माणसांनी तुमच्या प्रणालीत चढवल्या आणि त्याचे वेगळे पैसे घेतले, हे आधीच नमूद करतो, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे. आमच्या ग्रंथपालबाईंनी मदतकक्षाकडे वारंवार तक्रारी नोंदवल्या. उत्तर ठरलेले: ‘ब्राउझरची कॅशे क्लिअर करा.’ त्यानंतर तिकीट बंद आणि वर ‘आमची सेवा कशी वाटली?’ असा निरोप. म्हणून आता हे लेखी पत्र.

आधी फिल्टरबद्दल लिहितो, कारण त्याने आमची चारचौघांत शोभा झाली. एक निवृत्त गुरुजी जिल्ह्याच्या इतिहासावरचे एक पुस्तक मागायला आले. बाईंनी शोधचौकटीत नाव टाकले. तक्ता म्हणाला, ‘एकही नोंद आढळली नाही.’ गुरुजी म्हणाले, “अहो, मागच्या महिन्यात मीच परत केलंय.” आणि सरळ कपाटाशी जाऊन पुस्तक काढून घेऊन आले. झाले होते असे की, सकाळी कोणीतरी बालविभागाची यादी काढण्यासाठी फिल्टर लावला होता. तुमची प्रणाली तो फिल्टर लॉगइनसकट लक्षात ठेवते, संगणक बंद करून चालू केला तरी. फिल्टर चालू असल्याची खूण म्हणजे स्तंभाच्या शीर्षकाशेजारचे मुगाएवढे गाळणीचे चित्र, जे राखाडीचे जरा गडद राखाडी होते. बाईंना चष्मा आहे आणि काउंटरवर ट्यूबलाइट एकच आहे. ‘बालविभागात हे पुस्तक नाही’ आणि ‘हे पुस्तक नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. तुमचा तक्ता पहिल्याच्या जागी दुसरे देतो, तेही ठामपणे. याआधी किती वाचकांना आम्ही असे रिकाम्या हाती परत पाठवले असेल, ते मोजायला आता मार्ग नाही.

क्रमवारीचा प्रकार याहून वाईट आहे. तपासणीसाठी जिल्हा ग्रंथालय कार्यालयातून अधिकारी आले होते. त्यांनी किमतीनुसार महागडे ग्रंथ दाखवा म्हटले. ‘किंमत’ या शीर्षकावर टिचकी मारली, तर ९९ रुपयांची पुस्तिका सर्वांत वर, तिच्याखाली ९८० रुपयांचा कोश आणि १,२०० रुपयांचा संदर्भग्रंथ पार तळाशी. कारण उघड आहे. तुमचा तक्ता किमतीला संख्या समजत नाही, मजकूर समजतो आणि पहिला आकडा पाहून ओळ लावतो. दाखल क्रमांकांचेही तेच: १, १०, १००, १०००, मग २. तारखांचे तर विचारूच नका. ०१/०४/२०१९ ला आलेले पुस्तक ०२/०१/१९८७ च्या आधी लागते, कारण ०१ हे ०२ च्या आधी येते. ड्युई वर्गांक, म्हणजे पुस्तकांचे विषयवार क्रमांक, तेवढे बरोबर लागतात, पण ती तुमची करामत नव्हे. त्या पद्धतीत दशांशचिन्हाआधी नेहमी तीनच आकडे असतात, म्हणून मजकुराच्या नियमानेही ते निसटून जातात.

आणि हे सगळे फक्त समोरच्या पानापुरते! एका पानावर पन्नास नोंदी. शीर्षकावर टिचकी मारली की तेवढ्याच पन्नास ओळी खालीवर होतात, उरलेल्या वीस हजारांना त्याचा पत्ताही नसतो. त्या दिवशी आम्ही अधिकाऱ्यांना वाचनालयातले सर्वांत महाग पुस्तक म्हणून जे दाखवले, ते केवळ त्या पानावरचे होते. आधी संपूर्ण यादीचा क्रम लावायचा आणि मग तिची पाने पाडायची, इतकी ही साधी गोष्ट आहे. आमच्या कार्यकारिणीतल्या एका सदस्याची मुलगी पुण्यात डेटाबेसचे काम करते. सुट्टीत आली तेव्हा तिने हे पाहिले आणि आधी तर तिचा विश्वासच बसेना.

सूची उघडल्यावर नावानुसार जी अकारविल्हे यादी येते, ती तरी संपूर्ण असते. पण ती अकारविल्हे आहे असे फक्त तुमच्या माहितीपत्रकात लिहिले आहे. ‘क्ष’ची पुस्तके ‘क’च्या पोटात, ‘कौ’ आणि ‘क्र’ संपल्यावर कुठेतरी सापडतात. ‘ज्ञ’ची ‘ज’मध्ये. ‘काळ’ हा ‘कावळ्या’च्या आधी येतो. आमच्या जुन्या कार्डांच्या खणांत ळ, क्ष, ज्ञ शेवटी होते आणि आमचे वाचकही तिथेच बोट फिरवतात. सर्वांत मोठी गंमत ‘ॲ’ची. ॲक्युप्रेशरची दोन पुस्तके आमच्या आरोग्याच्या कपाटात शेजारी शेजारी उभी आहेत. तक्त्यात मात्र एक ‘अ’मध्ये आहे आणि दुसरे ‘ह’च्याही पलीकडे, अगदी शेवटच्या पानावर. एकाचे नाव टंकणाऱ्याने ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहिले, दुसऱ्याचे ‘ॲ’ या स्वतंत्र अक्षराने. युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक ठरवून देणाऱ्या, कोष्टकात हे अक्षर उशिरा आले, म्हणून त्याला जागा व्यंजनांच्याही पुढे मिळाली. तुमची प्रणाली त्या कोष्टकातल्या जागांनाच वर्णमाला समजते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमाला ठरवून दिली आहे. त्यात ‘ॲ’ स्वरांमध्ये बसतो. संगणकासाठी मराठीची क्रमवारी नव्याने शोधायलाही नको. युनिकोडच्याच सीएलडीआर या भाषावार नियमांच्या खुल्या संग्रहात ती तयार आहे. तुम्ही ती वापरायची तेवढे बाकी आहे. महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांना ‘खास मराठी’ म्हणून विकलेल्या प्रणालीकडून एवढी अपेक्षा फार नसावी.

गटांबद्दल एकच उदाहरण देतो. वार्षिक अहवालासाठी विषयवार ग्रंथसंख्या लागते, म्हणून ‘विषय’ स्तंभावर गट पाडले. ‘कादंबऱ्या’ नावाचे दोन गट आले. अक्षर न् अक्षर सारखे, एकात सुमारे दोन हजार पुस्तके, दुसऱ्यात चारशे. स्क्रीनला नाक लावून पाहिले तरी फरक दिसेना. शेवटी त्या मुलीनेच उलगडा केला: एका नोंदीत ‘ऱ’ हे अक्षर आहे, दुसऱ्यात साध्या ‘र्’ला न दिसणारा जोडक लावून तोच आकार काढलेला आहे. कळफलक निरनिराळे असले की असे होतेच. हाच घोटाळा शोधातही आहे. एका पद्धतीने ‘वऱ्हाड’ टंकले तर वऱ्हाडावरची निम्मी पुस्तके गायब. १८५७ हा आकडा देवनागरीत टाकला तर एक यादी येते, इंग्रजी आकड्यांत टाकला तर दुसरी.

यावर तुमच्या प्रतिनिधीने फोनवर ऐकवले, “तुमचा डेटाच क्लीन नाही.” डेटा तुमच्या माणसांनी भरला, बिल तुमचे, पावती आमच्याकडे आहे. आणि समजा आम्ही भरला असता, तरी दोन कळफलकांवरची एकच अक्षरे एक मानणे हे प्रणालीचे काम आहे, पंचावन्न वर्षांच्या ग्रंथपालबाईंचे नव्हे. बरे, तो डेटा आम्ही स्वतः दुरुस्त करू म्हटले, तर एक्सेलमध्ये उतरवून घेताना पुन्हा समोरच्याच पन्नास ओळी येतात आणि उघडल्यावर मराठीच्या जागी कसलीतरी चिन्हे.

आमचे म्हणणे असे. क्रमवारी, शोध आणि गट हे तिन्ही संपूर्ण यादीवर चालले पाहिजेत. किंमत व दाखल क्रमांक संख्या म्हणून आणि तारीख तारीख म्हणून लागली पाहिजे. अक्षरक्रम मराठीचा हवा. एकच अक्षर दोन प्रकारे टंकलेले असेल तर ते शोधताना आणि गट पाडताना एकच धरले जावे, आकड्यांचेही तसेच. फिल्टर लागला असेल तर तो तक्त्याच्या वर ठळक अक्षरांत दिसावा, ‘एकूण इतक्यांपैकी इतक्या नोंदी दाखवत आहोत’ असे सोबत लिहिलेले असावे आणि तो काढून टाकायचे बटण तिथेच असावे. नवीन लॉगइनला फिल्टर कोराच हवा. संपूर्ण सूची वाचता येईल अशा मराठीत उतरवून घेण्याची सोय तर तातडीने द्यावी. तिच्यासाठी बाकीच्या दुरुस्त्यांची वाट पाहायची आमची तयारी नाही, कारण उद्या दुसरीकडे जायचे ठरले तर आमची नोंदवही आमच्या हातात असली पाहिजे.

कार्यकारिणीच्या ठरावानुसार, या दुरुस्त्या होऊन आमच्या समक्ष तपासून मिळेपर्यंत नूतनीकरणाची रक्कम दिली जाणार नाही. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर सेवेतील त्रुटी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवू आणि आमच्या जिल्ह्यातल्या ज्या ग्रंथालयांना तुम्ही सध्या प्रात्यक्षिके दाखवत आहात, त्यांनाही या पत्राची प्रत देऊ.

तंत्रज्ञ पाठवणार असाल तर सायंकाळी पाच ते आठ या वेळेत पाठवावा. सोमवारी वाचनालय बंद असते. फोनवरून स्क्रीन पाहून सांगतो, हा पर्याय कृपया पुन्हा सुचवू नये.

आपला,
कार्यवाह,
सार्वजनिक वाचनालय

सोबत : दोन्ही ‘कादंबऱ्या’ गटांची आणि किमतीच्या क्रमवारीची स्क्रीनचित्रे, नोंदी भरल्याच्या बिलाची झेरॉक्स.